कुसळ्या भाताचं पोतं

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका शनिवारी, भर दुपारी मी एका बाईचं बियाणं भरडून टाकलं. हे असं एका वाक्यात सांगितलं की शहरातल्या माणसाला काही वाटत नाही. आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला सांगून बघा, तो हातातला चहा खाली ठेवतो.

सासरची भाताची गिरणी आहे आमची, पेठेच्या टोकाला, एसटी स्टँडपासून चार पावलांवर. सोमवार ते शुक्रवार मी नोकरी करते, या टेबलावरचा कागद त्या टेबलावर सरकवण्याची. शनिवार-रविवार गिरणीत उभी असते, कारण त्याच दोन दिवसांत सगळ्यांना भात भरडून हवं असतं. माहेर माझंही भोरचंच, पण नोकरदार घर. वडील कचेरीत जायचे आणि तांदूळ दुकानातून यायचा. सालासकटचा भाताचा दाणा मी नीट बघितला तो लग्नानंतर. पण शिकले म्हणजे अशी शिकले की आता पोत्याला नुसता हात लावून आतली ओल सांगते. हे मी जरा वाढवून सांगतेय. पण ऐकणारे ऐकून घेतात, कारण माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप नसते.

आमच्या गावाचा शनिवार बघण्यासारखा असतो. सकाळी मारुतीला तेल घालायला रांग, आणि तिथून निघून तीच माणसं गिरणीच्या रांगेत. नऊच्या सुमाराला डोंगराकडचे टेम्पो यायला लागतात. करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणांत मांडून बायका पेठेत बसतात. लग्नसराई असली की कापडाच्या दुकानापुढे चपलांचा ढीग पडतो. त्यातच पुण्याच्या गाड्या. त्यांना घाटाकडे जायचं असतं आणि त्या आमच्या अरुंद पेठेत येऊन अडून बसतात. काच खाली करून विचारतात, धबधबा कुठे आहे. मे महिन्यात धबधबा. मी एकदा एकाला सांगितलं, महिनाभराने या, तोवर आम्ही पाणी भरून ठेवतो. त्याला ते खरंच वाटलं असावं, कारण त्याने थँक्यू म्हटलं.

त्या शनिवारी आमचे हे एका लग्नाला साताऱ्याकडे गेले होते. सासूबाई घरात. घर गिरणीला लागूनच आहे, पण त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्या खिडकीत बसून लक्ष ठेवतात. यंत्र मी एकटी चालवू शकते, मला कुणाची गरज नाही, असं मी निघताना ह्यांना ऐकवलंही होतं.

गिरणीत शिरलं की उजव्या हाताला भरडायची पोती लागतात, आल्या क्रमाने. डाव्या हाताला ठेवायची. म्हणजे डोंगरातून आलेली माणसं आपलं ओझं आमच्याकडे टाकतात आणि मोकळ्या हाताने बाजार करतात. नवं घमेलं, खुरपी, सुनेची पत्र्याची पेटी, कधी पाय बांधलेली कोंबडी. ह्याचं कुणी काही घेत नाही, देत नाही, आणि पाटीही कुणी लावलेली नाही. सासऱ्यांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय.

साडेनऊला डोंगरातल्या पासलीच्या एक मावशी आल्या. चेहरा ओळखीचा, दोन-चार महिन्यांतून एकदा दिसणारा. साठीच्या पुढच्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर चार पायलीचं असेल एवढंसं पोतं. ते त्यांनी डाव्या बाजूला भिंतीशी उभं केलं आणि मला काहीतरी सांगितलं. मी फोनवर कुणाला तरी झापत होते. नुसती मान हलवली. त्या गेल्या. काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही.

बाराच्या सुमाराला रांग जरा आटोक्यात आली आणि माझी नजर त्या पोत्यावर गेली. मला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईने चुकून भलत्या बाजूला ठेवलंय. उन्हातून परत येणार आणि मग रांगेच्या शेवटी उभी राहणार. आपण आधीच भरडून ठेवलं तर तिची दुपार वाचेल. मला उपकार करायची फार हौस. कुणी मागितले नसले तरी मी करते.

पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं होतं. उसवलं. वर निरगुडीचा पाला, मूठभर नाही, चांगला थरच. हल्ली लोक कचरासुद्धा पोत्यात भरून आणतात, असं मी मोठ्याने म्हटलं आणि तो पाला उचलून कोपऱ्यात भिरकावला. खालचं भात तांबूस सालीचं होतं, लांब मिशांसारखी कुसळं असलेलं. असं भात मी कधी पाहिलं नव्हतं. कीड लागू नये म्हणून बियाण्यात निरगुडी घालतात हे मला माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? पंधरा वर्षांत गिरणीत कुणी बियाणं आणलंच नव्हतं. गिरणीत बियाणं कोण आणेल?

मी ते वरच्या नरसाळ्यात ओतलं आणि बटण दाबलं.

आमचं यंत्र जुनं आहे. पहिल्या फेरीत बहुतेक साल निघते, दुसऱ्या फेरीत तांदूळ पांढरा होतो. पहिली फेरी झाली आणि दुसरीसाठी मी टोपली उचलणार, तेवढ्यात रांगेतला एक माणूस, शेजारच्या उत्रोलीचा, मोठ्या मिशीचा, म्हणाला की त्याचा नंबर असताना मी मधलंच पोतं कसं घेतलं. झालं. मी टोपली खाली ठेवली आणि कमरेला हात लावले. तो एक बोलला की मी तीन. दहा मिनिटं आम्ही भांडलो. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. आज वाटतं, त्या माणसाला देवानेच पाठवलं होतं, पण तेव्हा मी त्याला जे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भांडण रंगात असताना मावशी परत आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नवा कंदील. त्यांनी डावीकडच्या भिंतीशी बघितलं. मग कोपऱ्यातल्या पाल्याकडे. मग माझ्याकडे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भरडलं मावशी, एक फेरी झाली, दुसरी घेतली की पाच मिनिटांत मोकळ्या. त्यांनी कंदील हळूच जमिनीवर ठेवला.

“बी व्हतं त्ये, पोरी,” त्या म्हणाल्या.

खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, यंत्र बंद कर. यंत्र कधीचंच बंद होतं. त्या मिशीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मयताला गेल्यावर काढतात तशी. मी तिथेच, कोंड्याच्या पोत्यावर बसले.

मावशी उंबऱ्यावर टेकल्या आणि विचारलं तेवढंच सांगत गेल्या. पासलीत त्यांच्या घराची कौलं उतरवली होती, पत्रा घालायचा होता. आठ दिवस सगळा संसार अंगणात, उघड्यावर. उंदीर होते, ऊन होतं. म्हणून बियाणं तेवढं उत्रोलीला लेकीच्या घरी ठेवायला निघाल्या होत्या. म्हणजे जपण्यासाठीच ते घराबाहेर काढलं होतं. त्या भाताला त्यांच्याकडे कुसळ्या म्हणतात. रानाला लागून त्यांचं सगळ्यात वरचं खाचर आहे, तिथे दुसरं काही लावलं की रानडुकरं रात्रीत साफ करतात. कुसळ्याला तोंड लावत नाहीत, कुसळं टोचतात. पूर्वी सगळ्या वाडीत होतं. मग एकेकाने इंद्रायणी लावली, कुणी वरची खाचरंच सोडली. आता ते एकट्या त्यांच्या घरात राहिलं होतं, आणि घरातलं सगळं त्या पोत्यात होतं.

मी बडबडायला लागले. म्हटलं, मी भरून देते. हवं ते बियाणं आणून देते, पुण्याहून आणते, कृषी दुकानवाल्याला आत्ता फोन लावते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही. मला वाटत होतं त्यांनी रागवावं, चार शिव्या घालाव्यात, मला शिव्या कळतात. त्या एवढंच म्हणाल्या, “दुकानात न्हाई त्ये.”

नंतर जे झालं त्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मावशी उठल्या. टोपलीपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि एक मूठ तांदूळ उचलला. तळहातावर पसरला. फुंकर मारून तूस उडवलं. मग करंगळीच्या नखाने एक दाणा बाजूला सरकवला. तांबडा. साल तशीच. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. तीन दाणे त्यांनी पदराच्या कोपऱ्यावर ठेवले आणि सूप आहे का म्हणून विचारलं.

पहिल्या फेरीत काही दाणे सालासकट सुटतात. आमच्याकडच्या प्रत्येक बाईने ते जन्मभर निवडलेत, जेवताना दाताखाली येऊ नयेत म्हणून. निवडायचे आणि अंगणात चिमण्यांना टाकायचे. हाताला इतकी सवय की बोलता बोलता होऊन जातं. तोच दाणा आता ठेवायचा होता आणि पांढरा तांदूळ बाजूला काढायचा होता. दुसरी फेरी झाली असती तर एकही उरला नसता. हे कळलं तेव्हा मी त्या मिशीवाल्याकडे बघितलं. तो तिथे नव्हता. रागावून गेला असेल म्हटलं. असता तर त्याच्या पाया पडले असते.

मी सूप आणलं. मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आणि निवडायला लागल्या. मी समोर बसले. रांगेतल्या दोघी बायका, ज्यांची स्वतःची पोती उजवीकडे वाट बघत होती, येऊन बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मग घरातून गिरणीत उतरायच्या पायऱ्यांवर आवाज आला. सासूबाई. संक्रांतीपासून ज्या त्या तीन पायऱ्या उतरल्या नव्हत्या, त्या भिंतीला धरून उतरत होत्या. मी धावले तर म्हणाल्या, मला नको धरू, चष्मा आण माझा. थोड्या वेळाने मिशीवाला परत आला. बगलेत तीन पराती होत्या, मागे त्याची बायको आणि वहिनी. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. पराती ठेवल्या आणि बाहेर जाऊन बसला.

भर शनिवारी गिरणी बंद राहिली. माणसं पोती घेऊन यायची आणि मी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगायची, मी बियाणं भरडलं, आज काही होणार नाही. दर वेळी मोठ्याने, काही न लपवता. लाज वाटत होती. पण लाज वाटायलाच हवी होती, म्हणून सांगत होते. काही जण परत गेले. काही जण पोतं टाकून म्हणाले, उद्या नेऊ, आणि घरच्या बायकांना पाठवून दिलं. चार वाजेपर्यंत गिरणीत पंधरा-सोळा जणी होत्या. गप्पा सगळ्या चालू. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, कापड दुकानात कुणी काय घेतलं त्याचं. डोळे मात्र तांदळावरून हलत नव्हते. बोटं अशी फिरत होती की मला ती दिसायचीच नाहीत, नुसता बाजूला तांबडा ठिपका वाढताना दिसायचा. मी त्या बायकांना वर्षानुवर्षं ओळखते. रांगेत धक्काबुक्की करणाऱ्या, कोंड्यावरून माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या ह्याच. त्यांच्यात हे होतं आणि मला पत्ता नव्हता.

नुसतं निवडून भागत नव्हतं. दाण्याच्या एका टोकाला अंकुराची जागा असते, तिला मावशी डोळा म्हणायच्या. यंत्रात घासून डोळा गेला असेल तर साल शाबूत असूनही दाणा वाया. तो त्या अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायच्या आणि सांगायच्या. मी दहा निवडले, त्यातले सहा त्यांनी टाकले. सासूबाईंना दोन तासांत जमायला लागलं. मला शेवटपर्यंत धड जमलं नाही, हे कबूल करते.

संध्याकाळी मावशी लेकीकडे गेल्या. रविवारी सकाळी सातला दारात हजर, बरोबर लेक. मी म्हटलं, रविवार आहे, आज कोण येणार, मटणाच्या दुकानापुढची रांग कुणी सोडणार नाही. आठ वाजता पहिली बाई आली आणि म्हणाली, रस्सा चढवून आलेय, अकराला उठेन. अकराला ती उठली, रश्शाकडे बघून पुन्हा आली. नव्या बायका आल्या, ज्यांचं आमच्या गिरणीशी कधी काही नव्हतं. पेठेत बातमी पसरली होती. पुण्याची एक गाडी दारात अडली, त्यातला अर्ध्या चड्डीतला गृहस्थ विचारायला आला की ही काही स्पर्धा आहे का. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या बायकोने बूट काढले आणि मिशीवाल्याच्या वहिनीशेजारी मांडी घातली. तासभर बसली. चष्मा पुसून पुसून निवडत होती. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, तिने ऐकलं नाही.

तीनच्या सुमाराला शेवटचं सूप झालं. सगळं मिळून दोन तांबे भरले नसते. मावशींनी पितळेचं पातेलं मागवलं, पाणी भरलं आणि त्यात ते दाणे सोडले. पोकळ असतात ते तरंगतात. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. अर्धे दाणे वर आले.

दोन दिवस. तीस बायकांचे डोळे. आणि अर्धे वर. मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन, आणि मला ते थांबवता येईना. मावशींनी तरंगणारे दाणे हाताने निथळून काढले, तळाचे पंच्यावर पसरले, बराच वेळ बघितले. मग ते तांब्यात भरले. तांब्या गळ्यापर्यंतही भरला नाही. म्हणाल्या, “लई झालं.” त्या उगाच धीर द्यायला म्हणत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं.

आता प्रश्न पांढऱ्या तांदळाचा. टोपलीभर होता. न्या म्हटलं तर एकही बाई हात लावेना. बियाणं खात नाहीत. घरात दोन दिवस चूल पेटली नाही तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावत नाहीत, हे मला त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं. मावशींना सगळ्यांची अडचण कळली. तांब्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “बी ह्यात हाय. त्यो आता नुसता तांदूळ. शिजवा.”

आमच्या परसात तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं. पाणी उकळलं आणि वास सुटला. मी तांदळातच राहते, मला वासाचं कौतुक नाही. पण हा वास वेगळा होता. पहिल्यांदा भिजलेल्या गवताचा, मग तुपाचा, मग काहीतरी गोड, ज्याला मला शब्द सापडला नाही. मिशीवाला आत येऊन उभा राहिला. एवढासा दाणा, त्या डोंगराच्या टोकाला एका बाईने धरून ठेवलेला, आणि मी तो बटण दाबून संपवायला निघाले होते. मी गिरणीवाली म्हणवते आणि मला तोवर तांदूळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मावशींनी पहिला घास घेतला, सगळ्यांनी बघावं असा, मग आम्ही हात घातला. कुणी घरून रस्सा आणला होता. बऱ्याच जणींनी नुसत्या मिठाबरोबर खाल्ला.

मावशी निघाल्या तेव्हा मी विचारलं, उगवेल का. मावशींनी खांदे उडवले. यंत्राची धग लागलेली आहे, सांगता येत नाही. उगवलं तर निरोप धाडीन, म्हणाल्या.

पहिल्या रविवारी निरोप आला नाही. दुसऱ्याही आला नाही. पासलीकडून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोवाल्याला मी विचारायची, इतकं की ते मला बघून आधीच मान हलवायला लागले. कचेरीत मी दोन माणसांवर विनाकारण ओरडले. ह्यांनी एकदा म्हटलं, होतं असं, किती मनाला लावून घेशील. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. मनाला लावून घेण्यासारखं तेच तर होतं.

तिसऱ्या रविवारी ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी पासलीला गेले. नव्या पत्र्याचं घर लांबूनच चकाकत होतं. मावशी अंगणात नव्हत्या. वर चढत गेलो. धाप लागली, तरी मी थांबले नाही. रानाच्या कडेला, काट्यांचं कुंपण केलेला एक वाफा होता, गोधडीपेक्षा मोठा नाही. आणि त्यात हिरवी रोपं. दाट नाहीत, मधे मधे मोकळी माती दिसत होती, पण होती. मावशी कुंपणाशी बसून होत्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, निरोप धाडायला सवड कुठं हाय, पाखरं हाकलायची का निरोप धाडायचा. मी त्या चिखलात तशीच बसले. मला देवळातही इतकं कधी वाटलेलं नाही.

लावणीला मी रजा टाकून गेले. एरवी चार-पाच काड्यांचा चूड एकत्र लावतात, त्यांनी एक-एक काडी लावली, पुरावं म्हणून. मला एक ओळ दिली. ती वाकडी गेली. त्यांनी मागून येऊन सगळी सरळ केली आणि मला बांधावर बसवलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी, गिरणी माणसांनी गच्च भरलेली असताना मावशी आल्या. डोक्यावर ओझं होतं. मी यंत्र बंद केलं, रांग ओरडली, ओरडू दिली. वरचं खाचर निम्मंच लागलं होतं, पण डुकरांनी तोंड लावलं नव्हतं. आता येत्या पावसाळ्याला पुरेल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी ओझं खाली घेतलं. त्यात तीन गाठोडी होती. एक त्यांचं. एक उत्रोलीच्या लेकीचं. तिसरं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, हे काय, मला कशाला. एकाच घरात ठेवायचं नाही हे आता कळलंय, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, अहो, गिरणीत? माझ्याकडे? मी कोण आहे ते विसरलात का? सगळी रांग ऐकत होती.

“तुला ठावं हाय ना, किती निवडाय लागतं त्ये,” मावशी म्हणाल्या. “मंग तुझ्यापरीस कोन जपनार?”

मी ओढणी पसरली.